गर्भपातानंतरचे दुःख: ख्रिस्ती विश्वास काय देतो आणि काय देत नाही

मराठवाड्यातल्या ख्रिस्ती घरात कोणी वारले, तर पुढे काय करायचे हे कोणाला सांगावे लागत नाही. पाळकसाहेबांना निरोप जातो, दफनभूमीत खड्डा खणायला तरुण मुले निघतात, गीते म्हटली जातात आणि नंतर कित्येक दिवस संध्याकाळी कोणी ना कोणी घरी येऊन प्रार्थना करून जाते. गर्भ दहाव्या-बाराव्या आठवड्यात गेला, तर मात्र यातले काहीच होत नाही. बाई दवाखान्यातून घरी येते, दोन दिवस पडून राहते, सासू म्हणते की फार कोणाला सांगू नको, आणि आठवडा सरायच्या आत ती पुन्हा चुलीपुढे किंवा शेतात असते. दिवस गेल्याचे ज्यांना कळले होते अशा चारदोन जणी रविवारी उपासनेनंतर हळू आवाजात विचारतात आणि विषय तिथेच मिटतो.

अशा वेळी विश्वासाकडून बहुधा दोन अपेक्षा केल्या जातात. हे का घडले याचे उत्तर त्याने द्यावे, आणि दुःख लवकर मिटवावे. पवित्र शास्त्र नीट वाचले, तर या दोन्ही गोष्टींचे आश्वासन त्यात कुठेही सापडत नाही. मात्र निष्पाप माणसावर ठेवलेला दोष दूर करणे, देवासमोर मोकळेपणाने रडण्याची मुभा देणे आणि आपल्या हातून निसटलेले जीवन त्याच्या हातून निसटलेले नाही हा भरवसा देणे, एवढे तो विश्वास नक्की करतो. त्यातली पहिली गोष्ट, म्हणजे दोष दूर होणे, शरीरात काय घडले हे समजल्याशिवाय साधत नाही. म्हणून सुरुवात तिथून करावी लागते.

शरीरात काय घडते

साधारणपणे विसाव्या आठवड्याच्या आत गर्भ आपोआप गेला, तर त्याला वैद्यकशास्त्र गर्भपात म्हणते. घरात आपण पोट पडले म्हणतो. हे वाटते तितके विरळ नाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०२१ मध्ये छापलेल्या लेखमालेतील अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे २.३ कोटी गर्भपात होतात, म्हणजे लक्षात आलेल्या गर्भधारणांपैकी सुमारे १५ टक्के. त्यांतले बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत होतात. प्रत्येक गावात, प्रत्येक मंडळीत अशा बाया असतातच. बोलत कोणी नसल्यामुळे प्रत्येकीला आपण एकटीच आहोत असे वाटते.

पहिल्या तिमाहीतल्या सुमारे निम्म्या गर्भपातांमागे गुणसूत्रांतला दोष असतो. आईच्या बीजातून २३ आणि बापाच्या बीजातून २३ गुणसूत्रे येऊन ४६ ची जुळणी व्हायची असते. बीज तयार होताना किंवा गर्भाच्या अगदी पहिल्या विभाजनांत एखादे गुणसूत्र जास्त आले अथवा कमी पडले, तर वाढ काही आठवडे चालते आणि थांबते. ही चूक योगायोगाने होते. बहुतेक वेळा ती आईबापाच्या रक्तातून आलेली नसते आणि पुढच्या खेपेस पुन्हा होईलच असेही नसते.

इथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. वाढ थांबणे आणि रक्तस्राव सुरू होणे या दोन घटनांमध्ये अनेकदा काही दिवसांचे, कधी दोन-तीन आठवड्यांचेही अंतर असते. ज्या दिवशी अंगावरून जाऊ लागले त्याच्या आदल्या दिवशी मी काय केले, टँकर आला तेव्हा हंडा उचलला म्हणून झाले का, एसटीचे धक्के बसले म्हणून झाले का, पपई खाल्ली म्हणून झाले का, असा शोध बाई रात्र रात्र घेत राहते. पण ज्या दिवसाची ती झडती घेते, त्या दिवसाच्या कितीतरी आधी गर्भाची वाढ थांबलेली असू शकते. रोजचे घरकाम, प्रवास, नवऱ्याशी झालेले भांडण, मनाला बसलेला एखादा धक्का किंवा ग्रहणात विळी हाती धरणे यांमुळे नीट वाढत असलेला गर्भ पडत नाही.

काही कारणे मात्र खरी असतात आणि त्यांवर उपायही असतात. आटोक्यात नसलेली साखर, थायरॉइडचा आजार, रक्तात गुठळ्या होण्याची एक विशिष्ट प्रवृत्ती, गर्भाशयाच्या रचनेतला दोष यांचा शोध तपासणीने लागतो. वय पस्तिशीच्या पुढे गेले की धोका वाढतो आणि चाळिशीनंतर अधिक वाढतो. तंबाखू आणि मिश्री गरोदरपणात घातकच आहे, हे आपल्याकडे अजून स्पष्ट सांगितले जात नाही. दोन किंवा अधिक वेळा गर्भ गेला असेल, तर नवराबायको दोघांनी तपासणी करून घ्यावी. केवळ सुनेला दवाखान्याच्या पायऱ्या झिजवायला लावणे हे वैद्यकीयदृष्ट्याही अपुरेच आहे.

दसऱ्याच्या सुमारास बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोडीला जाणाऱ्या बायांचा विचार वेगळा करावा लागतो. तिथे नवराबायको मिळून एक कोयता, म्हणजे कामाची एक जोडी, धरली जाते, एक दिवस काम चुकले तर खाडा, म्हणजे दंड, लागतो, आणि अपुरे खाणे व न मिळणारी विश्रांती यांचा भार गरोदर बाईच्या शरीरावर पडतोच. तो दोष त्या कामाच्या व्यवस्थेचा आहे, बाईच्या माथी मारण्याचा नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये इतका गाजला, की राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. म्हणून हेही सांगून ठेवतो, की केवळ गर्भपात झाला म्हणून पिशवी काढून टाकण्याचे काहीही कारण नसते. असा सल्ला कोणी दिला, तर दुसऱ्या डॉक्टरांचे, शक्यतो सरकारी रुग्णालयातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांचे मत घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

दोष कोणाचा

जालन्याजवळचे बेथेल हे ख्रिस्ती गाव रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात वसवले. इतक्या पिढ्या इथे ख्रिस्ती मंडळी नांदत आहेत, आणि तरीही एकाच भावकीत ख्रिस्ती, बौद्ध आणि हिंदू घरे असणे ही आपल्याकडे नित्याची गोष्ट आहे. त्यामुळे पोट पडले की सल्ले सगळ्या दिशांनी येतात. कोणी नजर लागली म्हणतो, कोणी बाहेरचे म्हणतो, कोणी भानामतीचा संशय घेतो. हे आपल्या विश्वासात बसत नाही असे मंडळीतली वडीलधारी माणसे ठामपणे सांगतात आणि ते बरोबरच आहे. मात्र तीच माणसे पुष्कळदा त्याच दोषाला ख्रिस्ती कपडे घालून परत घरात आणतात. घरात काही पाप लपले आहे का, प्रार्थनेत खंड पडला का, दशांश थांबला का, विश्वास कमी पडला का, असे प्रश्न विचारले जातात. रक्तस्राव अजून थांबलेला नसताना हे ऐकावे लागलेली बाई ते जन्मभर विसरत नाही.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाला पाहून शिष्य येशूला नेमके हेच विचारतात, की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे. येशू दोन्ही पर्याय नाकारतो. निर्दोष असूनही लेकरेबाळे आणि सर्वस्व गमावलेल्या ईयोबाच्या पुस्तकाचा तर बराच मोठा भाग याच प्रश्नावर खर्ची पडला आहे. ईयोबाचे मित्र आले, सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर काही न बोलता बसले, आणि तिथपर्यंत ते उत्तम मित्र होते. मग त्यांनी तोंड उघडले आणि तुझ्याच कोणत्या तरी अपराधाचे हे फळ आहे असे त्याला पटवू लागले. पुस्तकाच्या शेवटी देव त्या मित्रांवर रागावतो, ईयोबावर नव्हे. शास्त्राच्या आधारे दुःखिताला दोषी ठरवणाऱ्याने हा शेवट आधी वाचावा.

प्रार्थना सभांत निर्गमाच्या तेविसाव्या अध्यायातले सव्विसावे वचन पुष्कळदा काढले जाते. तुझ्या देशात कोणाचा गर्भ पडणार नाही आणि कोणी वांझ राहणार नाही, असा त्याचा आशय आहे. ते वचन वचनदत्त देशात जाणाऱ्या इस्राएल राष्ट्राला कराराचा भाग म्हणून दिलेले आहे. त्याच इस्राएलात पुढे हन्ना वर्षानुवर्षे मुलाविना रडली, आणि तिच्या विश्वासात उणीव होती असे शास्त्र कुठेही म्हणत नाही. एका राष्ट्राला दिलेले आश्वासन उचलून एका बाईच्या विश्वासाची परीक्षा घेणे हा वचनाचा गैरवापर आहे, आणि तो करणाऱ्याचा हेतू चांगला असला तरी इजा व्हायची ती होतेच.

काही जणींच्या मनात याहून खोल एक काटा असतो. पूर्वी कधी, घरच्यांच्या दबावाखाली किंवा स्वतःच्या निर्णयाने, त्यांनी गर्भ काढलेला असतो आणि आताचा गर्भपात ही त्याची शिक्षा आहे असे त्यांना वाटते. ख्रिस्ती शिकवणीप्रमाणे पश्चात्ताप केलेल्या पापाची क्षमा पुरी असते. देव मागची थकबाकी म्हणून दुसऱ्या बाळाचा जीव वसूल करत नाही. हे अशा बाईला पाळकाने किंवा फादरांनी एकांतात, स्पष्ट शब्दांत आणि पुन्हा पुन्हा सांगावे लागते.

दवाखाना आणि विवेकबुद्धी

सोनोग्राफीत ठोके दिसत नाहीत असे सांगितल्यावर डॉक्टर साधारणपणे तीन मार्ग सांगतात. शरीर आपणहून गर्भ बाहेर टाकेल याची वाट पाहणे, गोळ्या घेणे, किंवा पिशवी साफ करणे, ज्याला सगळे क्युरेटिंग म्हणतात. कोणता मार्ग योग्य हे आठवडे, रक्तस्राव आणि बाईची तब्येत पाहून ठरते. ख्रिस्ती कुटुंबांत इथे एक प्रश्न हमखास अडतो, आणि तो मोठ्याने विचारला जात नाही: पिशवी साफ केली, तर आपण गर्भहत्येचे पाप करतो का? उत्तर स्वच्छ आहे. ज्या गर्भाचे ठोके थांबले आहेत त्याचा जीव आधीच गेलेला असतो, आणि त्यानंतरचा उपचार आईचा जीव सांभाळण्यासाठी असतो. मुद्दाम गर्भ काढण्याच्या बाबतीत अत्यंत कडक भूमिका घेणारी कॅथलिक मंडळीही याला पाप मानत नाही. शंका असेल, तर काही दिवसांनी पुन्हा सोनोग्राफी करण्याची विनंती डॉक्टरांना जरूर करावी. पुष्कळदा ते स्वतःच तसे सुचवतात. गर्भ नळीत राहिला असेल, तर मात्र थांबायला वेळ नसतो. तो गर्भ वाढून जन्माला येणे शक्य नसते, आणि नळी फुटली तर आईचा जीव धोक्यात येतो.

घरी आल्यावर एक-दोन आठवडे थोडेफार रक्त जाणे अपेक्षित असते. पण तासाभरात पॅड पूर्ण भिजू लागले, ताप आला, स्रावाला दुर्गंधी येऊ लागली, पोटात असह्य कळा येऊ लागल्या किंवा भोवळ आली, तर प्रार्थना चालू ठेवूनच १०८ ला फोन करावा. आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल, तर अँटी-डी इंजेक्शनची गरज आहे का हे त्याच वेळी विचारावे, कारण ते साधारणपणे ७२ तासांच्या आत द्यायचे असते.

आणखी एक गोष्ट कोणी आधी सांगत नाही. गर्भ चौथ्या-पाचव्या महिन्यात गेला असेल, तर दोन-चार दिवसांनी छाती भरून येते आणि दूध झिरपू लागते. ब्लाउज ओला होतो, अंगाला ताप असल्यासारखे वाटते, आणि कुशीत बाळ नसते. आपल्या शरीराने आपली थट्टा केली असे वाटण्याइतका हा प्रसंग कठीण असतो. घट्ट बसणारे पण न काचणारे कपडे, थंड पाण्याच्या घड्या आणि शक्यतो दूध पिळून न काढणे, यांनी काही दिवसांत दूध आटते. छाती लाल होऊन ताप चढला, तर डॉक्टरांकडे जावे. घरातल्या एखाद्या अनुभवी बाईने हे आधीच कानावर घातले, तर निदान धक्का तरी बसत नाही.

नोकरी करणाऱ्या बायांना गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा मिळण्याची तरतूद १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने केली आणि ती सामाजिक सुरक्षा संहितेतही कायम आहे. त्यासाठी डॉक्टरांचा दाखला लागतो. ही रजा मागताना पुष्कळ जणी संकोचतात. तिसऱ्या दिवशी कामावर हजर राहण्यात श्रद्धेचा काही मोठेपणा नाही.

रडण्याची परवानगी

आपल्या मंडळ्यांत साक्ष देण्याची चांगली प्रथा आहे, पण साक्ष नेहमी संकट सरल्यानंतर दिली जाते. संकट चालू असताना काय बोलावे, हे आपण शिकवत नाही. स्तोत्रसंहितेत मात्र विलापाची स्तोत्रे भरपूर आहेत. बहुतेक विलापस्तोत्रे शेवटी भरवशाकडे वळतात. ८८ वे स्तोत्र तसे वळत नाही आणि अंधारातच संपते. त्यात स्तुतीची एकही ओळ शेवटी जोडलेली नाही, आणि तरीही ते प्रार्थना म्हणून शास्त्रात ठेवले गेले आहे. देवा, तू मला का टाकलेस असे म्हणणारी बाई विश्वासातून घसरली असे समजण्याची घाई करणाऱ्यांनी हे स्तोत्र शेवटपर्यंत वाचून पाहावे. जिला स्वतःचे शब्दच सुचत नाहीत तिने तेच मोठ्याने वाचावे. आणि वाचण्याइतकेही बळ नसेल, तर रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात म्हटले आहे की अशा वेळी पवित्र आत्मा स्वतः, शब्दांत न सांगता येणाऱ्या कण्हण्याने, आपल्यासाठी विनंती करतो.

हन्नाची गोष्ट या दुःखाच्या सर्वांत जवळची आहे. ती मंदिरात रडत, ओठ हलवत प्रार्थना करते, आणि एली याजकाला वाटते की ही बाई प्यालेली आहे. देवाच्या घरातच तिचा गैरसमज करून घेतला जातो, हा तपशील शास्त्राने लपवलेला नाही. तिचा नवरा एलकाना तिला विचारतो की मी तुला दहा मुलांपेक्षा अधिक नाही काय. त्याचे प्रेम खरे आहे, पण तिच्या दुःखाचा ठाव त्याला लागलेला नाही. आजही पुष्कळ घरांत हेच घडते, आणि त्यात नवऱ्याला दुःख नसते असे मुळीच नाही. दवाखान्याचे बिल, रक्ताची बाटली, गाडीची सोय या धावपळीत त्याने रडणे पुढे ढकललेले असते. नंतर तो बोलत नाही म्हणून तिला वाटते याला काहीच वाटत नाही, आणि तिला आठवण होईल म्हणून तो विषय काढत नाही. दोघांनी दिवसातून एकदा, पाच मिनिटे का होईना, हात हातात घेऊन एकत्र प्रार्थना करावी, आणि त्या प्रार्थनेत गेलेल्या बाळाचा उल्लेख टाळू नये.

लाजराच्या कबरेपाशी येशू रडला. काही क्षणांनी आपण लाजराला उठवणार आहोत हे त्याला ठाऊक होते, तरीही तो रडला. पुनरुत्थानाच्या आशेमुळे अश्रू अनावश्यक ठरत नाहीत, याला याहून मोठा आधार मला माहीत नाही.

बाळ कुठे गेले

हा प्रश्न प्रत्येक ख्रिस्ती आई विचारते, आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा येतो: बाप्तिस्मा झाला नव्हता, मग? बाप्तिस्मा जिवंत माणसाचा होतो, त्यामुळे गर्भात मरण पावलेल्या बाळाचा बाप्तिस्मा करण्याची पद्धत नाही, आणि तो न झाल्याचा अपराध आईबापांकडे येत नाही. कॅथलिक मंडळीची धर्मशिकवण अशा बाळांना देवाच्या दयेवर सोपवते, आणि २००७ मध्ये त्या मंडळीच्या आंतरराष्ट्रीय धर्मविद्या आयोगाने स्पष्ट केले की बाप्तिस्म्याविना मरण पावलेल्या बाळांच्या तारणाची आशा धरायला भक्कम कारणे आहेत. प्रोटेस्टंट परंपरांत अनेक जण दावीदाच्या शब्दांचा आधार घेतात. त्याचे तान्हे बाळ गेल्यावर तो म्हणतो की ते माझ्याकडे परत येणार नाही, पण मी त्याच्याकडे जाईन. १३९ व्या स्तोत्रात, आकार यायच्या आत देवाच्या डोळ्यांनी मला पाहिले होते असे म्हटले आहे. ज्या बाळाला सोनोग्राफीच्या पडद्यावर आपण एकदाच ओझरते पाहिले, किंवा पाहिलेही नाही, त्याला देवाने पाहिले आहे, एवढे या वचनावरून निश्चित म्हणता येते. त्यापलीकडे स्वर्गातली वर्णने रंगवण्याची गरज नाही. आईला ती फार काळ पुरत नाहीत.

बाळाला नाव द्यावे का, हा ज्याच्या त्याच्या मनाचा प्रश्न आहे. काही जोडपी नाव ठेवतात, काही कौटुंबिक बायबलाच्या पहिल्या पानावर, जिथे जन्म आणि लग्नाच्या तारखा लिहिलेल्या असतात, तिथे एक तारीख लिहून ठेवतात. दफन करायचे असेल, तर ही इच्छा रुग्णालयाला आधीच सांगावी, कारण जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे अपुऱ्या दिवसांच्या गर्भाची विल्हेवाट रुग्णालयामार्फत लावली जाते आणि नंतर विचारून उपयोग नसतो. दफन शक्य नसेल, तर पाळकांना किंवा फादरांना घरी बोलावून छोटी प्रार्थना करून घ्यावी. त्यासाठी फारसे काही लागत नाही. एक स्तोत्र, एक गीत, बाळाला प्रभूच्या हाती सोपवणारी दोन वाक्ये आणि आईबापांसाठी आशीर्वाद एवढे पुरते. पाळकांनी स्वतः विचारले तर फार बरे, कारण मागायला जाण्याचे बळ त्या घरात त्या आठवड्यात नसते.

भेटायला जाणाऱ्यांसाठी

देवाची इच्छा, देवाला फूल आवडले, अजून वय आहे, पहिले पोरगे तर आहे ना, बरे झाले लवकर गेले. ही वाक्ये बोलणाऱ्याला दिलासा देतात, ऐकणाऱ्याला नाही. त्याऐवजी ‘फार वाईट झालं गं’ एवढे म्हणून बसावे. भाकऱ्या आणि पिठल्याचा डबा न्यावा, नळाला पाणी आले की तिचे पाणी भरून द्यावे, मोठ्या लेकराला दोन तास आपल्या घरी न्यावे. महिला मंडळाने याची पाळी लावली, तर ती दहा प्रवचनांच्या तोडीची सेवा आहे. बाळाच्या बाप्तिस्म्याला किंवा समर्पणाला ती रविवारी आली नाही, तर तिच्या गैरहजेरीची चर्चा करू नये. आणि बाळंतपणाची तारीख जिथे पडली असती त्या आठवड्यात एखादीने आठवणीने जाऊन यावे.

आशा म्हणजे काय

आशा म्हणजे पुढचे मूल, असा अर्थ आपण फार लवकर लावतो. पुढचे मूल हे देणगी आहे, पण ते गेलेल्या बाळाची भरपाई नाही, आणि ख्रिस्ती आशेचा पाया ख्रिस्ताच्या पुनरुत्थानावर आहे, गरोदरपणाच्या चाचणीवर नाही. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण ज्यांना पुन्हा मूल झाले नाही त्यांनाही ही आशा पुरी लागू पडली पाहिजे.

दुःख ओसरायला किती दिवस लागतील याचे कोष्टक नाही. पण झोप आणि भूक उडाली, कशातच मन लागेना, तोच दवाखान्यातला प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येऊ लागला आणि हे दोन आठवड्यांपेक्षा जास्त चालले, तर तो उपचार करण्याजोगा त्रास आहे. लंडनमध्ये झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पहिल्या महिन्यांतला गर्भपात किंवा नळीतला गर्भ गमावलेल्या बायांपैकी २९ टक्के जणींत महिन्याभरानंतर मानसिक आघाताची लक्षणे दिसली, आणि नऊ महिन्यांनंतरही १८ टक्के जणींत ती टिकून होती. टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक कोणत्याही वेळी मोफत लागतो आणि मराठीत बोलता येते. मरून जावे असे विचार येत असतील, तर त्याच दिवशी फोन करावा आणि बाईला एकटे सोडू नये. साखरेची गोळी घेताना आपण विश्वास कमी पडला असे म्हणत नाही. मनाच्या औषधालाही तोच न्याय हवा.

पुन्हा प्रयत्न केव्हा करावा, यावर जागतिक आरोग्य संघटनेने पूर्वी सहा महिने थांबण्याचा सल्ला दिला होता. नंतरच्या अभ्यासांत लवकर दिवस राहिल्याने धोका वाढत असल्याचे दिसले नाही. शरीर सावरले आहे का हे डॉक्टरांना विचारावे आणि मनाचे उत्तर नवराबायकोने एकमेकांना विचारावे. फॉलिक अॅसिडची गोळी दिवस राहण्याच्या आधीपासून सुरू करावी. एक गर्भपात झालेल्या बहुतेक बायांचे पुढचे गरोदरपण नीट पार पडते. तरी ते निश्चिंत मात्र नसते. प्रत्येक सोनोग्राफीच्या आधी पोटात गोळा येतो, बाथरूमला गेले की रक्त तर नाही ना हे पाहिले जाते. ही भीती म्हणजे अविश्वास नव्हे. संपूर्ण नऊ महिन्यांची प्रार्थना एकदम करण्यापेक्षा पुढच्या तपासणीपर्यंतची करावी. अरण्यात इस्राएल लोकांना देवाकडून मिळणारे अन्न, म्हणजे मान्नाही, रोजचा रोजच मिळत असे. बातमी बारा आठवडे लपवायची की मोजक्या माणसांना आधीच सांगून त्यांची प्रार्थना मागायची, हेही जोडप्याने ठरवावे. माझे मत विचाराल, तर गमावण्याची वेळ आली असता ज्यांनी जवळ यावे असे वाटते, त्यांना आधीच सांगितलेले बरे.

ज्यांना तपासण्या आणि उपचारांनंतरही मूल झाले नाही, त्यांच्यासाठी दत्तकाचा मार्ग आहे. ख्रिस्ती लोकांना दत्तक घेता येत नाही, फक्त पालकत्व मिळते, असा समज आपल्या जुन्या पिढीत आहे, आणि १८९० च्या पालकत्व कायद्यापुरता तो बरोबरही होता. बाल न्याय कायदा २०१५ नुसार कोणत्याही धर्माच्या पात्र दांपत्याला, केंद्रीय दत्तक प्राधिकरणाकडे नोंदणी करून, पूर्ण कायदेशीर दत्तक घेता येते आणि त्या मुलाला पोटच्या मुलासारखे सर्व हक्क मिळतात. प्रतीक्षा यादी लांब असते, म्हणून नोंदणीची माहिती जिल्हा बाल संरक्षण कक्षातून वेळेवर घ्यावी. निर्णय मात्र गेलेल्या बाळासाठी रडून झाल्यावर घ्यावा, त्या रडण्याऐवजी नव्हे.